खिडकीखालच्या गाठी

सकाळपासून धाकटीचा पाय स्टुलाच्या दांडीवर ठरत नव्हता. उजवा वर घेतला की डावा खाली, डावा वर घेतला की उजव्याला मुंग्या. डोळा सूक्ष्मदर्शकाला, बोटं फोकसच्या चक्रीवर, आणि चक्री केसभर पुढे, केसभर मागे. पुढे नेली की स्वच्छ आकाश. मागे नेली की त्या आकाशाच्या तळाशी चार-पाच काळपट गाठी, जणू कुणी विहिरीत डाळिंबाचे दाणे टाकलेत. पुढे, मागे. आहे, नाही. आहे.

"अगं, चक्री झिजेल," शेजारच्या टेबलावरून थोरली म्हणाली. मान न वळवता. "घाण आहे ती. काल सांगितलं ना? तुझ्या काचेवर घाण नसती तर मला नवल वाटलं असतं."

"हो, ताई."

"मग सही कर आणि मोकळी हो."

धाकटी हो म्हणाली आणि पुन्हा चक्री मागे नेली.

माती तपासणाऱ्या त्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली या दोघी सख्ख्या बहिणींची. त्यांची नावं हजेरीच्या वहीत होती तेवढीच. एरवी साऱ्या इमारतीला त्या थोरल्या बाई आणि धाकट्या बाई. खाली माती यायची, पिशव्यांना चिठ्ठ्या बांधून. ती वाळायची, मग उंच डब्यात तिच्यावर पाणी सोडलं जायचं, आणि जे हलकं ते तरंगून काठाशी यायचं. काड्या, बिया, मुंग्यांचे पाय, आणि कधीमधी वाळूच्या कणाएवढा एक तपकिरी मणी. तो मणी मात्र जपून वर या खोलीत यायचा. त्याची कुळी कोणती हे या दोघींनी सांगायचं.

सूत्रकृमीची, मातीतल्या त्या दोऱ्यासारख्या बारीक किड्याची, मादी मुळाला तोंड लावून बसते. पोट अंड्यांनी भरत जातं, अंग फुगत जातं, आणि पुरतं भरलं की ती मरते. मरते, पण जात नाही. तिचं कातडं चामड्यासारखं कडक होतं, आणि पोरांना पोटाशी धरून ती आई मातीत वर्षानुवर्षं पडून राहते. आईच मरून घर होते. कचेरीत त्याला सिस्ट म्हणत. थोरली मणी म्हणायची, म्हणून धाकटीही मणीच म्हणायची. धाकटीला बोलणं, लिहिणं, वेणी घालणं, सगळं थोरलीनेच शिकवलेलं. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि थोरली अठराची. त्यानंतर त्या घरात लहान असण्याचा हक्क एकीलाच उरला.

बारा वर्षांपूर्वी धाकटी या खोलीत नवी आली, तेव्हा थोरलीने मण्यांची सगळी लक्षणं तिला गाण्यात बसवून दिली होती. संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणायची:

लिंबासारखं टोक ज्याला, गव्हा-बीटाचा पाहुणा,
चेंडूसारखा गोल जो गं, बटाट्याचा मेहुणा.
मागची खिडकी एक की दोन, वळ्या मोज गं मधल्या,
खोल नजर बुडव बाई, गाठी आहेत का दडल्या?

खिडकी म्हणजे मण्याच्या मागच्या अंगाला असलेली ती पातळ जागा, जिथून पोरं बाहेर पडतात. तिथून गुदाच्या ठिपक्यापर्यंत कातडीला वळ्या असतात, त्या मोजायच्या. ते अंतर खिडकीच्या रुंदीने भागायचं. आणि शेवटी खिडकीच्या खाली, आतल्या अंगाला, गाठी आहेत का बघायचं. गोल मण्यात गाठी नसल्या तर तो बटाट्याचा, मेहुण्यासारखा घरात शिरला की हलायचं नाव न घेणारा. गाठी असल्या तर तो त्याचा चुलतभाऊ, बांधावरच्या तणावर जगणारा, बटाट्याकडे ढुंकूनही न बघणारा.

या नमुन्यात सात मणी निघाले होते. सातही गोल, सातही रिकामे. आत एखादं पिल्लू असतं तर त्याच्या तोंडातली सुई मोजून निकाल लागला असता. पण पोरं कधीच घर सोडून गेली होती. वळ्या आठ, कुठे नऊ. बटाट्यालाही चालतील, तणालाही. भागाकार पावणेदोन. तोही दोघांना चालेल. सारी भिस्त गाठींवर येऊन टेकली होती. थोरलीने चार मणी कापले, चारांत एकही गाठ नाही. धाकटीने दोन कापले, दोन्हींत गाठी. की घाण.

कचेरीचा नियम जुना होता. एका जोडी डोळ्यांवर कुणाच्या जमिनीला कुलूप लावायचं नाही. दोघांनी बघायचं, दोघांनी सही करायची. बारा वर्षं धाकटीची सही थोरलीच्या सहीखाली उतारावरच्या पाण्यासारखी आपोआप येत होती. आज नऊ वाजल्यापासून कागद टेबलावर पडला होता. वर थोरलीची सही, ठसठशीत. खाली मोकळी जागा. धाकटीला ती जागा डोळ्याच्या कोपऱ्यातून सारखी दिसत होती, पडलेल्या दातासारखी.

दारावर टकटक झाली. भट्टीवाला आत डोकावला. मागच्या अंगणात त्याची वाफेची भट्टी. रोग लागलेलं जे काही येई ते त्यात उकळून काढायचं हे त्याचं काम.

"थोरल्या बाई, पाण्याला आधण येत चाललंय. बटाटे घालू का नुसती वाफ खात बसू?"

"कागद झाला की सांगते."

"कागद झाला की, कागद झाला की! सकाळपासून हेच ऐकतोय. इतक्या वेळात कागदच उकळून झाला असता." त्याने धाकटीकडे बघितलं. "धाकट्या बाई, तुमच्याकडे अडलंय म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"भिंती. दुसरं कोण?" तो हसला आणि जिना उतरून गेला. त्याच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

धाकटी उठली. खिडकीशी गेली, परत आली, पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच ठेवला. खाली अंगणात सेहेचाळीस क्रेट रचले होते, आणि क्रेटांच्या सावलीला एक बाई उभी होती. बसायला बाक होता तरी उभीच. साठीची, रापलेली, नखांच्या कडांत कायमची माती. तिला सगळे बेणेवाली म्हणत. अकरा वर्षं ती एकाच तुकड्यावर बटाट्याचं एक नवं वाण घडवत होती. या फुलाचा पराग त्या फुलाला, त्याचं बी या वाफ्यात, शंभरातलं एक ठेवायचं, नव्याण्णव टाकायचे. त्या सेहेचाळीस क्रेटांत जे बेणं होतं ते जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नव्हतं. कागदावर दुसरी सही पडली की पाच वाजता ते भट्टीत जायचं, आणि तुकड्याला कुलूप.

आणि सही नाही पडली, आणि मणी बटाट्याचाच निघाला, तर? तर तेच बेणं शेकडो शेतांत जाणार. बेण्याला चिकटलेल्या मातीतला एखादा मणी रिकामा नसेल. भरलेला मणी वीस वर्षं वाट बघतो. मग कुठल्या तरी शेतात बटाट्याची वेल हातभर वाढून पिवळी पडेल, आणि तिथल्या माणसाला कधीच कळणार नाही की हे कुठल्या खोलीतून, कुणाच्या चक्रीतून आलं. इकडे आड, तिकडे विहीर.

"मी जरा खाली जाऊन येते," ती म्हणाली.

"कशाला?"

"वारा खायला."

"इथे नाही का वारा?"

"इथला तू पुसून ठेवलास," धाकटी म्हणाली, आणि थोरलीला हसू आलं तरी तिने ते दाबलं. खोलीत खरंच धुळीचा कण नव्हता. थोरली घरातही तशीच. भांडं घासायचं तर त्यात तोंड दिसलं पाहिजे. ओटा पुसायचा तर फडकं कोरडं पडेपर्यंत. तिच्या स्लाइडी बघायला दुसऱ्या कचेऱ्यांतली माणसं येत. मण्याच्या मागच्या टोकाचा तुकडा कापायचा, तिळाच्या शतांशाएवढा, तो उलटा करायचा, आणि आतली जाळी, मळ, अंड्यांची फोलं एका काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने साफ करायची. पापणी धाकटीची. "तुझ्या लांब आहेत, माझ्या खुरट्या," असं म्हणून थोरली महिन्यातून एकदा तिला उजेडात बसवायची आणि चिमट्याने एक केस उपटायची. "डोळे मीट. रडू नकोस. सरकारी काम आहे." चाळिशीतल्या बाईला ती हे सांगायची.

अंगणात बेणेवालीने धाकटीला येताना बघितलं आणि हात कमरेवर ठेवले.

"झालं का ठरवून?"

"नाही, मावशी."

"उकडायचेच असतील तर निदान मीठ तरी ठेवा म्हणावं जवळ. वाया जायला नकोत." बोलणं तिखट होतं, पण तिचा अंगठा एका क्रेटच्या फळीवरून सारखा फिरत होता. "हा बघा, हा वरचा. याला मी हट्टी म्हणते. तीनदा गोठला, दोनदा बुडाला, तरी उगवला. माझ्या मुलानेसुद्धा मला इतका त्रास दिला नाही."

धाकटीला बोलायचं नव्हतं. नमुना ज्याचा त्याच्याशी बोलायचं नाही हाही नियमच. पण तिच्या तोंडून निघून गेलं.

"मावशी, तुमच्या बांधावर तण आहे? पिसांसारखी पानं, वर पांढऱ्या फुलांच्या चपट्या छत्र्या?"

"आहे की. कमरेएवढं. मधमाश्या येतात म्हणून मीच ठेवलंय." बेणेवालीने डोळे बारीक केले. "का? आता तेही उकडणार?"

"बटाट्याच्या वेली कधी पिवळ्या पडल्या? खुरटल्या?"

"माझ्या? अकरा वर्षांत?" ती जवळ आली. "बाई, तुम्ही मला काहीतरी विचारताय आणि काहीतरी सांगत नाही आहात."

"काही नाही सांगत," धाकटी म्हणाली, आणि जवळजवळ पळतच जिना चढली.

थोरली खिडकीत उभी होती.

"पार्टीशी बोललीस."

"तण विचारलं फक्त."

"तण असतंच. सगळ्यांच्या बांधावर असतं. तण असलं म्हणून बटाट्याचा नसतो असं होतं का? आता उद्या कुणी म्हटलं, धाकट्या बाईंनी खाली जाऊन कानाला लागून निकाल दिला, तर काय तोंड दाखवशील?" थोरलीचा आवाज चढला नाही, तिचा आवाज रागात खाली जायचा. "तुला त्या बाईची दया आली. येऊ दे. पण काचेत दया दिसत नसते. काचेत असेल ते दिसतं."

"मग दाखव."

"काय दाखव?"

"तुझ्या चार काचा. मी अजून नीट बघितल्याच नाहीत. तू म्हणालीस नाहीत गाठी, मी मान डोलावली."

थोरलीने ट्रे तिच्याकडे सरकवला.

धाकटीने पहिली स्लाइड चढवली. किती सुंदर होती! तुकडा मधोमध, खिडकी गोल, वळ्या पाण्यावरच्या लाटांसारख्या एकामागे एक. तिने चक्री मागे नेली. खाली, अजून खाली. काही नाही. धुतलेल्या काचेच्या ग्लासात बघावं तसं. दुसरी. तीच. तिसरी. चौथीपाशी ती थांबली. खिडकीच्या खालच्या अंगाला, जिथे काहीच नव्हतं तिथे, एक बारीक ओरखडा होता, आणि ओरखड्याच्या टोकाला कातडीचा उचकटलेला कोपरा. तिने मागे जाऊन पुन्हा तिसरी बघितली. तिथेही, शोधलं तर, एक फिकट वण.

इतकं स्वच्छ नसतं, तिला वाटलं. कुणाच्याच पोटात इतकं स्वच्छ नसतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तू साफ करतेस, तेव्हा कुठपर्यंत साफ करतेस?"

"साफ होईपर्यंत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? भांडं कुठपर्यंत घासतात?"

"गाठी आतून चिकटलेल्या असतात. केसाने जोर लावला तर निघत असतील."

मग थोरली खुर्चीवरून उठली, आणि धाकटीने लहानपणी पाहिलेली थोरली समोर उभी राहिली. ओल्या हाताची, पदर खोचलेली, सगळं घर अंगावर घेतलेली.

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी हे हात स्थिर धरून बसले इथे. लोक लांबून येतात बघायला. आणि तू, जिच्या काचेवर नेहमी अर्धा उकिरडा असतो, तू मला सांगतेस की मी फार स्वच्छ काम करते म्हणून चूक होते?"

"हो," धाकटी म्हणाली. "तसंच सांगतेय."

नेमके तेव्हाच कचेरीचे साहेब आले. साहेब भला माणूस. त्यांना भांडण आणि मांजर दोन्हींची ॲलर्जी.

"बाई, साडेतीन झाले. मला दोन सह्या द्या, नाहीतर दोन मतं लिहून द्या. रिकामी जागा मला वर पाठवता येत नाही."

"माझं मत वेगळं आहे," धाकटी म्हणाली.

साहेबांनी थोरलीकडे बघितलं. बारा वर्षांत असं वाक्य या खोलीत उमटलं नव्हतं.

"वेगळं म्हणजे किती वेगळं?"

"उलटं."

"मग एक एक मत," साहेब कपाळ चोळत म्हणाले. "दोघांनी बघूनही मतं एक एक पडली की मी ज्येष्ठ मताबरोबर जायचं असं लिहिलंय. मी काय करू? नियम मी नाही केले."

"एक मणी उरलाय," धाकटी म्हणाली. "सातवा. पाच वाजेपर्यंत द्या."

"पाच म्हणजे पाच," साहेब म्हणाले, आणि दार हलकेच लावून गेले.

सातवा मणी भिजवून मऊ झालेला होता. छोट्या बशीत, पाण्यात, एकटा. धाकटीने ती बशी थोरलीसमोर ठेवली.

"तू काप."

"मी? तुला माझ्यावर भरवसा नाही ना?"

"कापण्यावर आहे. तुझ्यासारखं मला जन्मात जमणार नाही. मी कापला आणि गाठी दिसल्या तर तू घाण म्हणशील. तू काप. साफ करायच्या आधी आपण दोघी बघू."

थोरलीने चष्मा पुसला, दोनदा, आणि पातं उचललं. ती काम करायला लागली की धाकटीला नेहमी श्वास रोखावासा वाटायचा. बोटं थांबलेली, मनगट थांबलेलं, आणि तरी पातं चाललेलं. मण्याचं मागचं टोक सुटून आलं. कडा छाटल्या. तुकडा उलटा झाला. पाण्याचा थेंब, वर पातळ काच. थोरलीने स्लाइड चढवली आणि डोळा लावला.

चक्री पुढे, चक्री मागे. आता ती तिच्या हातात होती.

"काय आहे?" धाकटीने विचारलं.

"घाण आहे. भरपूर."

"बघू."

धाकटीने बघितलं. जाळी होती, फोलं होती, मळ होता. आणि सगळ्याच्या खाली, खिडकीच्या कडेने, काळसर गोल गाठी. पाच. तिने बाजू दिली. "खिडकीच्या कडेच्या बघ."

"बघितल्या." थोरलीने ओठ घट्ट मिटले. "मळाचे गोळे असे दिसतात. साफ केल्याशिवाय मी गाठ म्हणणार नाही. आयुष्यात म्हटलं नाही."

शेवटचा मणी. साफ केला आणि गाठी उपटल्या गेल्या तर काहीच उरणार नव्हतं. ना बेण्याला, ना तिच्या शब्दाला. नाही म्हणाली असती तरी पाच वाजता ज्येष्ठ मत खाली गेलं असतं. घड्याळात सव्वाचार. खालून भट्टीची वाफ शिट्टी वाजवत होती.

"कर साफ," ती शेवटी म्हणाली. "पण हळू कर, ताई. आणि हाताला काय लागतं ते मला बोलून दाखव."

"हाताला काय लागणार?"

"तेच विचारतेय. आपण डोळ्यांचंच लिहितो. हाताचं कुणी कधी विचारलंच नाही."

थोरलीने वरची काच उचलली, पापणीचा केस थेंबात बुडवला. दोघींची डोकी जवळ आली. धाकटी त्याच सूक्ष्मदर्शकाच्या शेजारच्या भिंगातून बघत होती. केसाचं टोक तुकड्याच्या आत शिरलं.

"जाळी," थोरली म्हणाली. "सुटतेय." केस फिरला, जाळी तरंगत बाजूला गेली. "फोल. सुटलं. मळ... सुटतोय. हाही सुटला." आवाजात जरा टेच आला. "बघ, सगळं सुटतंय."

"हं."

केस खिडकीच्या कडेला आला. गाठीला टेकला. थोरलीने ढकललं. गाठ हलली नाही. गाठीबरोबर कातडीच किंचित उचलली गेली, आणि तो सगळा तिळाच्या शतांशाएवढा तुकडा पाण्यात वळला.

थोरलीने पुन्हा एकदा ढकललं, हलकेच.

"ताई?"

"अडलं."

केस तिथेच होता. तो थरथरत नव्हता. थोरलीचा हात थरथरत नसे. पण तो पुढेही जात नव्हता.

"घाण अडत नाही," थोरली म्हणाली. कुणाला सांगत होती कुणास ठाऊक. "घाण सुटते. मळाला मूळ नसतं." तिने केस हळूच मागे घेतला, दुसऱ्या गाठीला लावला. टेकवला फक्त. "हेही अडलं."

"मग आता ढकलू नकोस."

"नाही ढकलत." तिने काडी खाली ठेवली. चष्मा काढला. चष्म्याविना तिचा चेहरा एकदम उघडा वाटला, सामान हलवलेल्या खोलीसारखा. "काल चारही वेळा असंच अडलं होतं गं."

धाकटीने तिच्याकडे बघितलं.

"मला कळलं होतं," थोरली म्हणाली. "म्हणजे हाताला कळलं होतं. मी म्हटलं, चिवट मळ आहे, आणि जोर लावला. निघालं की किती बरं वाटलं मला. एकदम लख्ख."

जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. तिने थोरलीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात तिथे नीट बसेना म्हणून उचलला, आणि पुन्हा ठेवला.

"चल," थोरली म्हणाली. "चाळीस मिनिटं आहेत."

तिने कागद ओढला. कचेरीत लिहिलेलं खोडत नसत. वाचता येईल अशी एक रेघ मारत आणि शेजारी कारण लिहीत. थोरलीने आपल्या निकालावर आणि सहीवर सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं: "चारही तुकडे साफ करताना माझ्या हातून गाठी निघून गेल्या. सातवा तुकडा पाहावा. गाठी पाच, आतून जोडलेल्या." खाली नवी सही. त्याखाली धाकटीची. साहेबांना कागद देताना थोरली एवढंच म्हणाली, "मत एकच आहे आता." साहेबांनी रेघ वाचली, तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि खुर्चीतून अर्धवट उठून तसेच बसले.

खाली थोरली स्वतः गेली. नियमाप्रमाणे चिठ्ठी पाठवायची असते. ती चिठ्ठी हातात धरून गेली. धाकटी दोन पायऱ्या मागे.

"उकडायचे नाहीत," तिने बेणेवालीला सांगितलं. "पण न्यायचेही नाहीत अजून. कुलपात राहतील, सावलीत. तुमच्या बांधावरचं तण मुळासकट आणा, ढेकळासकट. त्याच्या मुळांवर पांढरे मणी, म्हणजे जिवंत माद्या, सापडले आणि बटाट्याच्या मुळांवर नाही सापडले, तर मोकळं करू."

बेणेवाली आता पहिल्यांदा बसली. बाकावर नाही, क्रेटवरच.

"काल तर नक्की म्हणाले होते."

"हो."

"मग चूक कुणाची होती?"

"माझी," थोरली म्हणाली.

बेणेवालीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "रात्रभर जागी आहे मी," एवढंच म्हणाली. "सकाळी आणते तण." मग भट्टीवाल्याकडे वळून, "अहो, ती शिट्टी बंद करा आधी. डोकं फुटलं माझं."

"एवढं पाणी तापवलं ते आता मी आंघोळीला घेऊ का?" भट्टीवाला कुरकुरला, पण झडप फिरवायला त्याला वेळ लागला नाही.

वर आल्यावर धाकटीने पिशवी आवरली, छत्री घेतली. पाच वाजून गेले होते. एरवी थोरली पाचच्या ठोक्याला दाराशी उभी असायची. आज ती दाराशी नव्हती. कपाटाशी उभी होती, आणि तिने निकालांच्या जुन्या वह्या खाली काढल्या होत्या. तीन काखेत, एक हातात.

"ताई, उद्या बघू."

"तू जा पुढे."

"सगळेच काही तसे नसतील. लिंबासारखे किती असतात. भरलेले असतात, त्यांची पिल्लं मोजलेली असतात."

"ते नकोतच मला. गोल, रिकामे, गाठी नाहीत. तेवढेच शोधायचे." थोरलीने वही टेबलावर उघडली आणि बोट ओळीवरून उतरवत नेलं. बोट थांबलं. "हा एक." पान उलटलं. "हा." आणखी दोन पानं. बोट थांबलं, आणि या वेळी बराच वेळ थांबलं.

धाकटीने छत्री खुंटीला परत अडकवली आणि शेजारी येऊन उभी राहिली. "कोण आहे?"

"एक रोपवाटिका होती, नदीपलीकडे, कुलूप लागलेली. मालकाची बायको आली होती इथे. तुझ्या आधीची गोष्ट. जिन्यावर बसून राहिली होती, दोन दिवस." थोरलीने मान वर केली नाही. "मी तिला पाणी नेऊन दिलं होतं. ग्लास घासून."

धाकटीने खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला. "तारीख सांग," ती म्हणाली.

थोरलीने तारीख सांगितली, आणि पान उलटलं.